मिलिंदच्या गाठी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. संगीताला माझं सगळं ठाऊक असतं – मी कुठल्या दुकानात थांबून चोरून जिलेबी खातो इथपर्यंत – पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा तेच ते उत्तर देऊन देऊन आता मला माझाच वीट आलाय, म्हणूनही असेल.

ते उत्तर आधी सांगतो. माझा परांच्या भाड्यानं देण्याचा धंदा आहे. इमारत बांधताना किंवा रंगवताना भिंतीला लागून जो लोखंडी सांगाडा उभा राहतो, ज्याच्या फळ्यांवर गवंडी आणि रंगारी उभे असतात, तो मी देतो. शेंद्र्याच्या रस्त्याला माझं आवार आहे. पूर्वी हेच काम आम्ही बांबू आणि काथ्याच्या दोरीनं करायचो. आता तयार सुटे भाग येतात – उभे खांब, आडव्या नळ्या, खाचेत नळी अडकवायची, वरून पाचर ठोकायची, झालं. आपल्या शहरात हा प्रकार आणणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत मी एक. तेव्हा दुकानांच्या पाट्यांवर अजून औरंगाबादच होतं. त्यामुळे कुणी ना कुणी विचारतंच, बाळासाहेब, बांबू का सोडला? आणि मी म्हणतो, माणसाचा जीव महत्त्वाचा.

असं म्हटलं की समोरचा आदरानं बघतो. याच वाक्यासाठी एका कार्यक्रमात मला शाल-नारळ मिळालाय. नारळ आम्ही खाल्ला. शाल कपाटात आहे. संगीता थंडीत ती बाहेर काढते आणि मी म्हणतो, नको, गरम होतं.

माणसाचा जीव – कुणाचा, ते मात्र मी कधी सांगत नाही.

थांबा, आधी या लोखंडाबद्दल मला मोकळेपणानं बोलू द्या. गिऱ्हाइकासमोर ते बोलता येत नाही आणि पोटात साठून राहतं. या नळ्यांची लांबी ठरलेली असते. आपल्या भिंतींचं कुठं काय ठरलेलं असतं? प्लॉट तिरका, गल्ली वाकडी, मध्येच कुणीतरी परवानगी न घेता काढलेला सज्जा. बांबू असला तर एकावर एक चढवून हवा तेवढा लांब करता येतो, अडला तर कापता येतो. नळी कापली की ती पुन्हा कुठंच बसत नाही, भंगारात जाते. बरं, एका कंपनीची पाचर दुसऱ्या कंपनीच्या खाचेत बसत नाही. म्हणजे बसल्यासारखी दिसते, ते तर जास्तच वाईट. एकदा एका कंपनीचा माल घेतला की तिच्याशी लग्नच लागलं म्हणायचं. तिनं भाव वाढवला तरी मुकाट सोसायचं. पाचरी हरवतात, कुठं जातात ते भंगारवाल्याला विचारा. खाली जमीन सपाट आणि टणक लागते; आपली काळी माती पावसात काय करते ते मी सांगायला नको. ट्रक आत जात नाही म्हणून अर्धी गल्ली माणसांच्या खांद्यावरून माल न्यावा लागतो. आणि बांबू जसे दहा-वीस करत घेता येतात तसं इथं नाही, सुरुवातीलाच सगळा संच घ्यावा लागतो, मग काम असो-नसो, तो आवारात पडून तुमच्याकडे बघत राहतो.

शेंद्र्याच्या कारखान्यांच्या लांबलचक सरळ भिंतींना हे लोखंड छान शोभतं, ते नाकारत नाही. तिथं बांबूचं काम नाही. पण मी ते घेतलं तेव्हा माझ्याकडे कारखान्यांची कामं नव्हतीच. पुंडलिकनगरचे चार मजले, मुकुंदवाडीतली घरं, असली कामं होती. आणि वर सांगितलेलं सगळं मला घ्यायच्या आधीच ठाऊक होतं. कंपनीच्या माणसाला खोदून खोदून विचारून मी ते काढून घेतलं होतं.

मग घेतलं का? इथं आलो की मी अडखळतो. मिलिंदबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

मिलिंद आणि मी एका गावचे. शेंद्र्याच्या पलीकडं आमची थोडी शेती, त्याचं घर बौद्धवस्तीत. शाळेत एका बाकावर, आणि शाळा सुटली तशी एका बांबूवर. परांची बांधणारे जोडीनं काम करतात. एक बांबू धरतो, दुसरा बांधतो. धरणाऱ्याच्या हातावर बांधणाऱ्याचा जीव असतो, त्यामुळे जोड्या सहसा मोडत नाहीत. आमची जोडी बरीच वर्षं टिकली. तो लई बोलका. वर चढायच्या आधी खिशातला कंगवा काढून केस विंचरायचा. मी विचारायचो, वर कोण बघणार आहे तुला? तर म्हणायचा, 'खालून बघत्यात की सगळे.' मी डावखुरा आणि तो उजव्या हाताचा. त्यामुळे माझ्या गाठीचं टोक डाव्या अंगाला निघायचं, त्याचं उजव्या. दुसऱ्या कुणाच्या हे लक्षात येत नसे. आम्हाला मात्र खालून नुसती नजर टाकली तरी कळायचं की कुठली गाठ कुणाची.

आमच्या कामात एक रीत होती. परांची पुरी झाली की बांधणाऱ्या दोघांनी सगळ्यात वरच्या फळीवर बसून डबा खायचा. सावकाश, पाय खाली सोडून, सगळ्यांच्या देखत. तोवर गवंडी फळीवर पाय ठेवत नसत. कुठला कागद नाही, सही नाही. बांधणारे वर निवांत जेवताहेत, एवढीच खात्री. मिलिंदला हा भाग फार आवडायचा. तो वरून खालच्यांना विचारायचा, ठेचा पाठवू का? गावात आमच्या ओट्यावर त्यानं कधी ताट घेतलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला ते खटकलंही नव्हतं. वरच्या फळीवर मात्र आम्ही एकमेकांच्या डब्यात हात घालायचो. माझ्या आईच्या हातची मेथी त्यानं तिथंच पहिल्यांदा खाल्ली.

आता तो दिवस. पुंडलिकनगरला चौथ्या मजल्याचं काम होतं. सकाळची वेळ, ऊन अजून कोवळं. शेजारच्या गच्चीवर एक बाई कुरडया घालत होती. तिनं वर पाहिलं, डोळ्यांवर हात धरला, आणि मी तिच्याकडे पाहिलं – बस. एवढंच. फळी हलली नाही, पाय घसरला नाही, वारा नव्हता. तुम्ही म्हणाल, काहीतरी घडलंच असेल. नाही हो. काहीच घडलं नाही. माझे हात बांबूभोवती गेले आणि सुटेचनात. पाय जागचे उचलेनात. जिथं वर्षानुवर्षं बिडी ओढत बसलो होतो तिथं मला वाटलं, आता गेलो.

मिलिंद आधी हसला. 'काय रं, बाईला बघून खांब झाला का?' मग त्यानं माझं तोंड पाहिलं. तो माझ्या पाठीमागं आला, छाती माझ्या पाठीला लावली, आणि माझा एकेक पाय हातानं उचलून खालच्या बांबूवर ठेवत गेला. खालपर्यंत तो अखंड बोलत होता – कुणाच्या तरी लग्नात वरण कसं संपलं, वराचे काका कसे रुसले, मग त्यांना कुणी पेढ्यावर कसं मनवलं. खाली लोक जमले तसं तोच म्हणाला, 'पित्त झालंय याला. उपाशीपोटी चहा ढोसतो, ऐकतंय कोण.'

नंतर दोघंच असताना तो म्हणाला, 'व्हतंय रं असं. जाईल.'

गेलं नाही. नंतर कित्येकदा प्रयत्न केला. पहिल्या मजल्याच्या वर गेलो की हात घामानं ओले व्हायचे, डोळ्यांपुढं ती गच्ची यायची. मिलिंदनं कुणालाही कळू दिलं नाही. नाक्यावरून एक माणूस आणला बांबू धरायला आणि सांगितलं की बाळ्या आता माल बघणार. पण वरच्या डब्याचं काय? तिथं दोघं लागतात. तर पठ्ठ्या वरून ओरडायचा, 'याचा आज उपवास हाय!' सोमवारी उपवास, चतुर्थीला उपवास, एकादशी कधी असते ते त्याला माझ्या घरच्यांपेक्षा जास्त पाठ झालं. स्वतः बुद्ध वंदना म्हणणारा माणूस, माझ्या नावावर हिंदूंचे सगळे उपवास खपवत होता. गवंडी मला धार्मिक समजायला लागले. आम्ही दोघं यावर हसायचोही.

पण मी मनातून हसत नव्हतो. मला त्याचा राग येऊ लागला होता. हे कसं सांगू तुम्हाला? ज्यानं मला उचलून खाली आणलं, ज्यानं माझी लाज झाकली, त्याच्याकडे पाहिलं की मला त्या सकाळची आठवण यायची. जगात एकाच माणसाला माझी भीती ठाऊक होती आणि तो रोज माझ्यासमोर केस विंचरत होता. तो नसता तर बरं, असं माझ्या मनात आलं. वाईट व्हावं असं नाही – नुसतं, नसता तर.

त्याच इमारतीच्या मागच्या बाजूला बुटकी परांची बांधायची होती, डोक्याएवढीच उंच. ती मी म्हटलं मी बांधतो. तेवढ्याशा उंचीवरही डोळ्यांपुढं ती गच्ची आली; शेवटचा वेढा पुरा न घालताच मी उतरलो. दुसऱ्या दिवशी गाठ सरकली, फळी कलली आणि सिमेंटचं घमेलं थेट इंजिनिअर साहेबांच्या स्कूटरवर पडलं. कुणाला खरचटलंही नाही. सीटवर मालाचा गोळा बसला होता, कामगार तोंड फिरवून हसत होते. साहेबांनी मला विचारलं, कुणाची गाठ ही?

'माझी' – एवढंच म्हणायचं होतं. स्कूटर धुऊन दिली असती, चार शिव्या खाल्ल्या असत्या. पण पुढचा प्रश्न काय आला असता? तुझ्यासारख्या जुन्या माणसाची गाठ एवढ्या बुटक्या परांचीवर कशी सरकली? आणि मग माल बघणं, उपवास, पित्त, सगळंच बाहेर आलं असतं.

मी म्हणालो, 'मिलिंदची असेल.'

'असेल.' बघा, खोटं बोलतानासुद्धा पळायला एक वाट ठेवली होती.

मिलिंदला पुढच्या बाजूनं बोलावून आणलं. दोरी बांबूला लोंबत होती, तिचं टोक डाव्या अंगाला. त्यानं दोरी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाला, 'चुकलं साहेब. परत नाय व्हनार.' साहेब त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मग जाऊन स्कूटर धुतली.

माझ्यासाठी केलं त्यानं ते. मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

इथवरचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. माणूस घाबरतो, एखादा शब्द तोंडातून जातो. पण मी तो शब्द तिथं सोडला नाही. मी तो वापरला. त्याच सुमारास लोखंडी परांचीवाल्या कंपनीचा माणूस शहरात फिरत होता. मला त्या लोखंडी परांचीत फक्त एकच गोष्ट दिसली – ही उभारायला मला वर चढावं लागणार नव्हतं. पाचर ठोकणारी माणसं ठेवायची, आपण खाली उभं राहून साहेब म्हणून बोट दाखवायचं. आणि जोडीदार लागणार नव्हता. बाकी सगळे तोटे मला दिसत असून मी घरचे दागिने मोडले आणि माल आणला.

मग गिऱ्हाइकं पटवायला लागलो. बिल्डर विचारायचे, एवढा खर्च कशाला, बांबू काय वाईट आहे? तेव्हा मी म्हणायचो, माणसाच्या हातावर भरवसा ठेवायचे दिवस गेले साहेब. त्या मिलिंदचंच बघा. एवढा जुना माणूस, पण पुंडलिकनगरला गाठ सरकलीच ना? थोडक्यात वाचली माणसं.

त्याचं नाव घेऊन म्हणायचो. एकदा नाही. जिथं जिथं काम मागायला गेलो तिथं. घमेल्याची गोष्ट फिरता फिरता माणूस पडल्याची झाली, आणि ती ऐकणाऱ्यानं मला विचारलं तर मी ती दुरुस्तही केली नाही.

मिलिंदची कामं आटत गेली. मी त्याला माझ्याकडे बोलावलं – वरवर मोठेपणानं. तो थोडे दिवस आला. पाचरीवर हातोडा मारायचा, मग हातोड्याकडे बघायचा. म्हणाला, 'बाळ्या, यात माझं काय काम? हे तर कुणी बी ठोकंल.' आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात खोकी भरायच्या कामाला लागला. माझ्याबद्दल तो कुठं काही बोलला का? मी कान देऊन बसलो होतो. नाही बोलला.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. वरचं सगळं इथं यायला लागलेली वाट होती.

मुकुंदवाडीत मिलिंद राहतो त्या गल्लीत एक छोटं बुद्धविहार आहे, वर पांढरा घुमट. लोकांनी वर्गणी काढून बांधलेलं. गाव सोडून इथं आल्यावर मिलिंदच्या वडिलांनी त्याच्या विटा वाहिल्यात. बुद्ध पौर्णिमेआधी घुमट रंगवायचा ठरला, आणि समितीचे गुरुजी – निवृत्त मास्तर, सगळा मोहल्ला त्यांना मान देतो – माझ्या आवारात परांची भाड्यानं मागायला आले. मी म्हणालो, भाडं नको, माझ्याकडून सेवा समजा. फुकट दिलं म्हणजे आतलं काहीतरी फिटेल असं मला वाटलं होतं का? हो, वाटलं होतं.

गल्लीत ट्रक गेला नाही. जमिनीला उतार. खांबांखाली विटांचे तुकडे घालत घालत कसाबसा सांगाडा उभा केला. आणि मग जे मला आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. माझा सांगाडा सरळ उभा आणि चौकोनी. घुमट गोल, वर जाता जाता आत वळणारा. खालचा भाग हाताशी येत होता, पण वरच्या फळीवरून घुमट इतका लांब राहत होता की रंगाऱ्याला निम्मं अंग बाहेर काढावं लागलं असतं. आत सरकणारे तुकडे कंपनीकडे मिळतात, पण तेही ठरलेल्या मापाचे आणि मागवून कधी येतील सांगता येत नाही. पौर्णिमा तोंडावर आलेली. रंगाऱ्यांनी हात वर केले.

मिलिंदला सुट्टी होती. तो आला, वर बघितलं आणि मोठ्यानं हसला. 'बाळ्या, आमच्या घुमटाला चौकोनी टोपी घातली का रं?' सगळे हसले, मीही हसलो. मग त्यानं मांडवाचे बांबू मागवले, काथ्याची दोरी भिजवली, एका रंगाऱ्याला बांबू धरायला घेतलं, खिशातला कंगवा काढला – केस आता निम्मे पिकलेले – आणि चढला. माझ्या लोखंडापासून आत, घुमटाच्या अंगाबरोबर वळत वळत, त्यानं बांबूचं कडं बांधत नेलं, एकाच्या वर आत दुसरं, थेट कळसाशी. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती. दुपारपर्यंत ते झालं. त्याची बायको शोभावहिनी डबा घेऊन आली, तो दोरीनं वर ओढून घेतला, आणि मिलिंद कळसाखालच्या फळीवर पाय सोडून भाकरी मोडायला बसला.

रंगाऱ्यांनी रंगाचे डबे उचलले. तेवढ्यात गुरुजी माझ्याजवळ आले. आवाज खाली करून, पण आसपासच्यांना ऐकू जाईल असा.

'बाळासाहेब, राग मानू नका. पण आपण सगळे ऐकून आहोत ना, मागं मिलिंदच्या गाठीचं. घुमटावर आमची माणसं चढणार. तुम्ही एकदा वर जाऊन हात लावून बघा. तुम्ही म्हणलात म्हणजे आमची खात्री.'

माझेच शब्द फिरून माझ्यापुढं आले होते. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. मी शिडीला हात लावला. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. हात ओले झाले. वर पाहिलं तर घुमटाच्या मागं आभाळ, आणि पाय खाली सोडून बसलेला मिलिंद. त्यानं माझा शिडीवरचा हात पाहिला. त्याला लगेच कळलं.

तो वरून म्हणाला, 'गुरुजी, त्याला कशाला वर चढवता? जुना मानूस हाय, त्याला खालनंच दिसतंय सगळं. इचारा त्याला, खालनं सांगंल तो.'

त्यानं मला वाट करून दिली होती, नेहमीसारखी. मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. आणि खरंच खालून दिसत होतं. प्रत्येक गाठीचं टोक उजव्या अंगाला, वेढे एकावर एक बसलेले, कुठं सैल नाही. असं काम मी आजवर बघितलेलं नाही.

पण मी 'पक्क्या आहेत' म्हणालो असतो तर? इतकी वर्षं सांगत आलेल्या गोष्टीचं काय? लोकांनी विचारलं असतं, मग तेव्हा सरकली कशी? माझ्या लोखंडाला जिथं जमलं नाही तिथं मिलिंदच्या दोरीला जमलं, हे शहरभर झालं असतं. एवढं सगळं माझ्या डोक्यातून शिडीवरून पाय खाली घेईपर्यंत जाऊन आलं. घाबरून बोललो असं म्हणता येत नाही, पाय तर जमिनीवर होते.

मी म्हणालो, 'हो, दिसतंय खालून. धोका आहे. उतरवा ते.'

गुरुजींनी मान हलवली. मिलिंदच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यानं परत डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि दोरीनं डबा खाली सोडला. शोभावहिनींनी तो घेतला. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी खांबाखालच्या विटा बघत होतो.

मग तो उतरवायला लागला. एक-दोन रंगारी मदतीला गेले, पण त्यांना गाठी सुटेनात. म्हणाले, कापू का? मिलिंद म्हणाला, नको, दोरी वाया जाईल. एकेक गाठ त्यानं स्वतः सोडवली. पक्की बसलेली ओली गाठ सोडवायला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत तो त्या घुमटावर होता. त्याच्या वडिलांनी विटा वाहिलेल्या विहारावर, त्याच्या गल्लीतल्या, त्याच्या माणसांसमोर. आणि त्याला उतरवणारा मी, बाहेरचा, ज्याच्या ओट्यावर त्याला कधी ताट मिळालं नव्हतं. एकालाही वाटलं नाही की माझा शब्द खोटा असेल.

तो खाली आला. हाताची बोटं सोललेली. तो सरळ माझ्याकडे यायला लागला तसे लोक जरा मागं सरले. त्यांना वाटलं, आता शिव्या देणार. मलाही वाटलं. मला त्या हव्या होत्या.

तो अगदी जवळ आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, 'बाळ्या, वर जाताना पाय उचलत नाय, त्याचं दाखवलं का रं कुठं डाक्टरला?'

'दाखवलं,' मी म्हणालो. मी कुणालाच दाखवलं नव्हतं.

'बरं केलं,' तो म्हणाला आणि बांबू गोळा करायला लागला.

घुमटाचा वरचा भाग मग रंगाऱ्यांनी लांब काठीला ब्रश बांधून कसातरी उरकला. तिथं रंग पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. मुकुंदवाडी स्टेशनकडून आलं की आधी तोच नजरेला पडतो. लोक रंगाऱ्यांना नावं ठेवतात. मिलिंद अजून शेंद्र्याला जातो. त्याच्या कंपनीची बस माझ्या आवारावरून जाते आणि तो खिडकीतून हात वर करतो. मीही करतो. त्या गल्लीत त्याला पुन्हा कुणी मांडवसुद्धा बांधायला सांगितला नाही, हे मला गुरुजींनीच सांगितलं, माझे आभार मानताना.

म्हणून जे मी त्या दिवशी शिडीपाशी उभं राहून म्हणालो नाही, ते इथं लिहून ठेवतो. पुंडलिकनगरला सरकली ती गाठ माझी होती. घुमटावरच्या मिलिंदच्या होत्या. मी त्या खालून नीट पाहिल्या होत्या, आणि त्या पक्क्या होत्या.